बेघरांसाठी नगरपरिषदेने पैसे कशावर खर्च करावेत?

आपण नव्याने निवडून आलेले नगरसेवक आहात. शहराची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास आहे आणि राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाच्या काळात उभारलेले पन्नास खाटांचे निवारा केंद्र आपल्या नगरपरिषदेकडे आहे, पण तिथे रात्री चौदा-पंधराच माणसे झोपतात. अभियानाची मुदत सप्टेंबर २०२४ मध्ये संपली आणि केंद्र चालवण्याचा खर्च नगरपरिषदेच्या अंगावर आला. प्रशासन म्हणते की केंद्र बंद करावे किंवा एखाद्या संस्थेला देऊन टाकावे, काही सदस्यांना त्यावर आणखी एक मजला हवा आहे, आणि आपल्याला वाटते की हाच पैसा माणसे बेघर होऊ नयेत आणि झालेल्यांना पुन्हा घर मिळावे यासाठी वापरता आला तर बरे. येत्या अंदाजपत्रकात किती रक्कम मागावी आणि कशासाठी, असा आपला प्रश्न आहे.

नागरी गरिबांसाठीच्या योजनांवर मी महाराष्ट्रातील तीन नगरपरिषदा आणि एक महानगरपालिका मिळून अठरा वर्षे काम केले आहे. त्यातील शेवटची नऊ वर्षे निवारा केंद्रांशी माझा रोजचा संबंध होता. त्या अनुभवावरून लिहितो. काही गोष्टी आपल्या शहराच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि त्या कोणत्या, हे त्या त्या ठिकाणी सांगेन.

मला यातील खरा प्रश्न इमारतीचा वाटत नाही. आपल्याकडे पन्नास खाटा आहेत आणि चौदा माणसे आहेत, यावरून सभागृहातील दोन्ही बाजूंनी आपापला निष्कर्ष काढला आहे. एका बाजूला वाटते की शहरात बेघर फारसे नाहीतच, आणि दुसऱ्या बाजूला वाटते की इमारत वाढली की लोक येतील. शहरात एकूण किती माणसे उघड्यावर झोपतात, त्यांपैकी गेल्या महिन्यात रस्त्यावर आलेली किती आणि दहा वर्षांपासून असलेली किती, हे दोघांनाही माहीत नाही. ते कळल्याशिवाय मागितलेली कोणतीही रक्कम अंदाजानेच मागितलेली असेल. म्हणून पहिला खर्च गणनेवर करावा, आणि तो तुलनेने फार थोडा असतो.

गणनेबद्दल थोडे सविस्तर सांगतो, कारण बहुतेक शहरे इथेच चुकतात. २०११ च्या जनगणनेत २८ फेब्रुवारीच्या रात्री बेघरांची मोजणी झाली. देशात १७.७३ लाख माणसे बेघर आढळली, त्यांतील ९.३८ लाख शहरी भागांत होती, आणि महाराष्ट्राचा एकूण आकडा २ लाख १० हजारांच्या घरात होता. रस्त्याकडेला, पदपथावर, मोठ्या पाइपांत, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, फलाटांवर किंवा देवळाच्या आवारात उघड्यावर राहणारी माणसे त्यात धरली होती. हा आकडा एका रात्रीचा आहे. आपल्या शहराचे एका रात्रीचे चित्र आणि वर्षभराचे चित्र यांत फार अंतर असते. बाजाराच्या आदल्या रात्री बाजार समितीच्या आवारात जितके हमाल झोपतात, तितके इतर दिवशी नसतात. लग्नसराईत मंडप आणि केटरिंगची माणसे वाढतात, यात्रेच्या आठवड्यात वेगळीच माणसे येतात, आणि पावसाळ्यात बरेच जण दुकानांच्या छपराखाली सरकल्यामुळे मोजणाऱ्याच्या नजरेस पडत नाहीत.

म्हणून आम्ही वर्षातून किमान तीन रात्री मोजत असू: एक थंडीत, एक भर पावसाळ्यात आणि एक बाजाराच्या आदल्या दिवशी. वेळ रात्री साडेअकरा ते पहाटे चार. ठिकाणांची यादी करताना एसटी स्थानक, रेल्वे स्थानक, बाजार समिती, घाट, मोठी देवळे व दर्गे आणि उड्डाणपूल सर्वांनाच सुचतात. यादीत हमखास राहून जाणारी ठिकाणे म्हणजे शासकीय रुग्णालयाचा व्हरांडा, बांधकामाच्या अर्धवट इमारती आणि रात्री बंद होणाऱ्या बाजारपेठेतील दुकानांच्या फळ्या. बरोबर पोलीस नसावेत, अतिक्रमण विभागाची गाडी नसावी आणि कोणाचेही छायाचित्र काढू नये. महाराष्ट्रात १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा आहे. त्याखाली पहिल्यांदाच सापडलेल्या माणसालाही एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. रात्री गाडीतून उतरणारी सरकारी माणसे बघितली की ही मंडळी का पांगतात, हे त्यावरून समजावे. सोबत एक आरोग्यसेविका आणि निवारा केंद्रात राहिलेला, लोकांच्या ओळखीचा एखादा माणूस असला की बोलणे होते.

प्रश्न थोडेच विचारावेत. छताखाली शेवटचे कधी झोपलात आणि कुठे, ती जागा का सुटली, काम कुठे करता आणि किती वाजता निघावे लागते, जवळ कोणते कागद आहेत, आजार काय, आणि निवारा केंद्र माहीत असल्यास तिथे का येत नाही. यातील पहिले दोन प्रश्न सर्वांत मोलाचे आहेत, कारण बेघरपणाच्या प्रतिबंधाचे सगळे नियोजन त्यांच्या उत्तरांवर उभे राहते. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून आपले चौदाचे कोडेही सुटेल. मला आजवर मिळालेली कारणे साधारण अशी होती: केंद्र कामापासून लांब आहे, रात्री नऊला दार बंद होते आणि हॉटेलातील काम साडेबाराला सुटते, आधार कार्डाशिवाय आत घेत नाहीत, नवरा-बायकोला एकत्र राहता येत नाही, हातगाडी किंवा भंगाराचे पोते ठेवायला जागा नाही. एका नगरपरिषदेत आम्ही निवारा केंद्र कचरा डेपोच्या रस्त्याला बांधले, कारण तेथील जागा पालिकेच्या मालकीची होती आणि बाकी कुठेही नगरसेवकांचा विरोध होता. त्या प्रस्तावावर माझीही सही आहे. स्थानकापासून चार किलोमीटरवरचे ते केंद्र तीन वर्षांत कधी पाव हिश्श्यापेक्षा जास्त भरले नाही, आणि स्थानकाबाहेरची माणसे होती तिथेच राहिली. अभियानाच्या मार्गदर्शक सूचनांमध्येही निवारा कामाच्या व वस्तीच्या ठिकाणाजवळ असावा असे स्पष्ट लिहिले होते.

आता पैशाकडे येऊ. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये अन्नाच्या अधिकाराच्या प्रकरणात मोठ्या शहरांना दर एक लाख लोकसंख्येमागे एक, चोवीस तास चालणारे निवारा केंद्र ठेवण्यास सांगितले. पुढे अभियानाच्या सूचनांत दर माणशी किमान पन्नास चौरस फूट जागेचे प्रमाण आले. या निकषांचा आधार घेऊन मजला वाढवण्याची मागणी होऊ शकते. माझे मत असे आहे की आहे ती जागा भरेपर्यंत बांधकामाचा विचार बाजूला ठेवावा. बांधकाम एकदाच करायचे असते, चालवणे मात्र दरवर्षी असते, आणि आपल्याकडे प्रश्न दुसऱ्या खर्चाचा आहे.

चालवण्याचा खर्च कसा बनतो ते पाहा. चोवीस तास केंद्र म्हणजे तीन पाळ्या, आठवड्याला एकवीस पाळ्या. एक काळजीवाहक आठवड्याला सहा पाळ्या करतो, म्हणजे साडेतीन माणसे लागतात, प्रत्यक्षात चार. त्यात एक व्यवस्थापक व एक सफाई कर्मचारी मिळवला की सहा जण झाले. सरासरी मासिक वेतन पंधरा हजार रुपये गृहीत धरले तर वर्षाला १० लाख ८० हजार रुपये केवळ वेतनाचे होतात. वीज, पाणी, अंथरूण-पांघरुणाची धुलाई, औषधे आणि किरकोळ दुरुस्तीला ३ लाख २० हजार धरा. एकूण १४ लाख. चौदा माणसे झोपत असतील तर माणशी वर्षाला एक लाख, म्हणजे रात्रीला सुमारे २७४ रुपये पडतात. चाळीस माणसे झोपू लागली तर तोच आकडा ९६ रुपयांवर येतो, कारण कर्मचारी तेवढेच लागतात. या रकमा मी समजावण्यासाठी घेतल्या आहेत. आपल्या लेखापालांकडून खरे आकडे घेऊन हेच गणित मांडावे. आपल्या शहरात एक खोली तीन हजार भाड्याने आणि दहा हजार डिपॉझिटवर मिळत असेल, तर तिचा पहिल्या वर्षाचा खर्च ४६ हजार होतो, आणि त्या खोलीत एक कुटुंब राहते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की सभागृहातील चर्चेचा सूर बदलतो, असा माझा अनुभव आहे.

मात्र यावरून केंद्र बंद करून सर्वांना खोल्या द्याव्यात असा अर्थ काढू नये. आज रात्री स्थानकावर उतरलेल्या बाईला आज रात्रीच जागा हवी असते आणि खोली शोधायला पंधरा दिवस लागतात. निवारा केंद्र हा मधला टप्पा आहे. त्याच्या आधी प्रतिबंधाची आणि नंतर पुनर्वसनाची सोय नसली, तर एक तर ते जुन्याच माणसांनी भरून राहते किंवा रिकामे पडते.

प्रतिबंधाचा खर्च करायचा तर माणसे रस्त्यावर कुठून येतात ते पाहावे लागते. यातले पहिले दार नगरपरिषदेचे स्वतःचे कार्यालय आहे. अतिक्रमण हटवण्याची कारवाई ज्या सकाळी होते, त्या रात्री काही कुटुंबे बेघर असतात, आणि ही तारीख पालिकेला महिनाभर आधी माहीत असते. १९८५ च्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला आणि मुंबईतील पदपथवासीयांची घरे पावसाळा संपून ३१ ऑक्टोबर येईपर्यंत काढू नयेत असे सांगितले. तो निकाल पालिकांनी इतक्या वेळा वाचला आहे, तरी कारवाईच्या फाइलवर समाज विकास विभागाची टिप्पणी घेण्याची पद्धत मला एकाच ठिकाणी आढळली. आपण ठराव करून एवढी एक गोष्ट बंधनकारक केलीत, तर तिला पैसा लागत नाही. धोकादायक इमारतींचेही तसेच आहे. पावसाळ्यापूर्वी यादी होते, नोटिसा जातात, मालक गप्प बसतो आणि भाडेकरू जून महिन्यात सामान घेऊन बाहेर पडतो. यादी तयार होताच त्यातील भाडेकरूंपैकी कोणाला जाण्यास जागा नाही, याची विचारपूस मे महिन्यात झाली पाहिजे.

दुसरे मोठे दार रुग्णालयाचे आहे. शासकीय रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक हे पद असते, आणि पाय कापलेला, कोणी न्यायला न आलेला रुग्ण शनिवारी दुपारी घरी सोडला जाणार असल्याचे सर्वांत आधी त्यांनाच कळते. निवारा केंद्राच्या व्यवस्थापकाचा क्रमांक त्यांच्या टेबलावर असला, तर तो रुग्ण व्हरांड्यात न राहता केंद्रात येतो. आम्ही एका शहरात यासाठी दर सोमवारी अर्ध्या तासाची बैठक सुरू केली. त्यावर खर्च काहीच नव्हता, आणि सहा महिन्यांत रुग्णालयाच्या आवारात झोपणाऱ्यांची संख्या डोळ्यांना जाणवेल इतकी घटली. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणारी मुले हे तिसरे दार आहे. २०१५ च्या बाल न्याय अधिनियमात एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे, म्हणून त्यांच्यासाठी महिला व बालविकास विभागाशी आधीच बोलून ठेवावे. तो भार पालिकेने एकटीने उचलू नये.

प्रत्यक्ष रोख मदतीची गरज भासते ती चौथ्या दाराशी, थकलेल्या भाड्याशी. एक उदाहरण सांगतो. मंडपाचे काम करणाऱ्या एका माणसाचा बांबूवरून पडून पाय मोडला. तीन महिने भाडे थकले, घरमालकाने ते डिपॉझिटमधून वळते केले आणि खोली रिकामी करायला सांगितली. नवरा, बायको आणि दोन मुले एसटी स्थानकावर आली तेव्हा त्यांच्याकडे गॅसची शेगडी होती, मुलांची शाळेची दप्तरे होती, आणि नवीन खोलीचे डिपॉझिट सोडून बाकी सारे होते. त्यांना वेळेत सहा-सात हजार रुपये मिळाले असते तर ती खोली टिकली असती. नंतर त्यांच्यावर केंद्रातील पाच महिन्यांचा खर्च झाला, मुलीचे शाळेचे वर्ष वाया गेले, आणि शेवटी पंधरा हजारांचे डिपॉझिट एका संस्थेने भरले तेव्हा ती पुन्हा खोलीत गेली.

आपण लिहिले आहे की परदेशांत असा निधी असतो. अमेरिकेने २००९ च्या मंदीत बेघरपणाचा प्रतिबंध आणि जलद पुनर्वसन यांसाठी दीड अब्ज डॉलर राज्यांना, शहरांना व काउंट्यांना (आपल्या जिल्ह्यांसारख्या घटकांना) दिले होते. त्यातून काही महिन्यांपासून अठरा महिन्यांपर्यंत भाड्याची मदत देता येत होती आणि सर्व रक्कम तीन वर्षांत खर्च करायची होती. इंग्लंडमध्ये २०१७ च्या कायद्याने, छप्पन्न दिवसांत बेघर होण्याचा धोका असलेल्या माणसाला मदत करणे स्थानिक परिषदेचे कर्तव्य ठरवले आहे. त्यांच्याकडून घेण्यासारखी गोष्ट म्हणजे वेळेआधी हात देण्याची पद्धत. अडचणही तिथल्यासारखीच इथे येते: भाडे थकलेली शंभर कुटुंबे अर्ज करतील, त्यांतील बहुतेक नातेवाईक, उसनवारी किंवा गावाकडचा आधार यांवर कशीबशी तगतील, आणि खरोखर रस्त्यावर येणारी दहा कोणती हे ओळखणे कठीण असते. आपल्याकडे त्यात आणखी भर पडते, कारण गरिबांचे भाडेकरार बहुधा तोंडी असतात आणि थकबाकीचा कागदी पुरावा मिळत नाही.

यावर आम्ही साध्या खुणा वापरल्या. कुटुंबात कमावते माणूस आजारी किंवा मृत आहे, पूर्वी कधी रस्त्यावर राहावे लागले आहे, जवळपास नातेवाईक नाहीत, एकटी बाई लहान मुलांसह आहे, घरमालकाने तारीख दिली आहे. यांपैकी तीन गोष्टी जुळल्या तर दोन दिवसांत निर्णय घ्यायचा. वस्तीस्तर संघाच्या, म्हणजे वस्तीतील बचत गटांच्या संघाच्या, महिलांकडून शहानिशा करून घ्यायची, कारण गल्लीत काय चालले आहे हे त्यांना कोणत्याही अर्जापेक्षा चांगले माहीत असते. मदत सरासरी आठ हजार रुपये, एका कुटुंबाला एकदाच, आणि रक्कम थेट घरमालकाच्या खात्यात.

पुनर्वसनाच्या पैशात आम्ही डिपॉझिट दहा हजार, तीन महिन्यांचे भाडे नऊ हजार, आणि भांडी, गादी, शेगडी व सामान हलवण्यासाठी सहा हजार, असे पंचवीस हजार एका कुटुंबामागे धरत होतो. यात सर्वांत मोठी चूक आमच्याकडून जागेच्या निवडीत झाली. बाजार समितीतील अकरा हमालांना आम्ही नदीपलीकडे स्वस्त खोल्या मिळवून दिल्या. दोन महिन्यांत सात जण बाजाराच्या आवारात परत आले. काम पहाटे चारला सुरू होते आणि त्या वेळी पुलावरून रिक्षा मिळत नाही, ही गोष्ट आम्ही त्यांना विचारलीच नव्हती. तेव्हापासून खोली कामाच्या ठिकाणापासून चालण्याच्या अंतरावर हवी, भाडे थोडे जास्त पडले तरी चालेल, हा नियम मी पाळला. एकट्या कष्टकरी पुरुषांना तर पुष्कळदा खोलीपेक्षा बाजाराजवळ एक खाट, कुलपाची पेटी आणि रात्री एकलाही उघडणारे दार एवढेच हवे असते. त्यांना तेच द्यावे.

सर्वांचे पुनर्वसन खोलीतच होईल असेही नाही. निराधार वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना किंवा संजय गांधी निराधार अनुदान योजना यांतून दरमहा दीड हजार रुपये मिळू शकतात, पण त्यासाठी महाराष्ट्रातील पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, आणि बेघर माणसाकडे नेमका तोच नसतो. म्हणून निवारा केंद्राच्या खर्चात कागदपत्रे मिळवून देणारे माणूस धरलेच पाहिजे. आधार नोंदणीसाठी मान्यताप्राप्त निवारा केंद्राच्या प्रमुखाचे ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र चालते. मतदार यादीसाठी तर पत्त्याचा कागदही लागत नाही. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी रात्री त्या जागी येऊन माणूस खरोखर तिथेच झोपतो का, हे पाहून नोंद करू शकतो. मनोरुग्णांच्या बाबतीत २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम १०० नुसार पोलिसांवर जबाबदारी आहे, आणि अशा व्यक्तीला कोठडीत ठेवता येत नाही, चोवीस तासांत सार्वजनिक आरोग्य संस्थेत न्यावे लागते. प्रादेशिक मनोरुग्णालये पुणे, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथेच असल्याने प्रवासाचा आणि सोबत जाणाऱ्या माणसाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा दाखवावा, नाही तर ऐन वेळी तो कोणीच देत नाही.

प्रधानमंत्री आवास योजनेकडे बोट दाखवून हा विषय पुढे ढकलला जाईल, त्याची तयारी ठेवावी. स्वतःच्या जागेवर घर बांधण्याच्या घटकाला जागा लागते आणि भागीदारीतील घरांना लाभार्थ्याचा हिस्सा लागतो. स्थानकावर झोपणाऱ्याकडे दोन्ही नसते. भाडेतत्त्वावरील घरांचा घटक उपयोगी पडू शकतो, पण ती घरे उभी राहणे आपल्या शहरात कोण पुढे येतो यावर अवलंबून आहे. मागणी सर्वेक्षणात बेघरांची नावे अवश्य घालावीत, आणि तोवर भाड्याच्या खोल्यांचे काम चालू ठेवावे.

निधी कोणत्या लेखाशीर्षातून घ्यावा, हा सर्वांत नाजूक भाग आहे. अभियानाची अखर्चित रक्कम पालिकेच्या खात्यात पडून असली तरी शासनाच्या लेखी परवानगीशिवाय तिला हात लावू नये. उपयोगिता प्रमाणपत्रातील (निधी कशावर खर्च झाला याच्या दाखल्यातील) तफावत पुढच्या मुख्याधिकाऱ्यांनाही वर्षानुवर्षे पुरते. वित्त आयोगाच्या अबंधित (ठरावीक कामाला न बांधलेल्या) अनुदानातून वेतन व आस्थापना खर्च भागवता येत नाही, म्हणून काळजीवाहकांच्या वेतनासाठी त्यावर विसंबू नये. दिव्यांग बेघरांसाठी पाच टक्क्यांच्या राखीव तरतुदीतून, आणि स्त्रिया व मुलांसाठी महिला व बालकल्याणाच्या तरतुदीतून मदत होऊ शकते. त्या तरतुदी दरवर्षी मार्चमध्ये घाईने शिलाई यंत्रांवर संपतात, हे मी पाहिले आहे. उरलेली रक्कम पालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून, स्वतंत्र लेखाशीर्षाखाली हवी. व्यक्तीला थेट रोख दिली तर लेखापरीक्षणात आक्षेप येण्याचा संभव असतो. म्हणून सर्वसाधारण सभेचा ठराव, लेखी निकष, कमाल मर्यादा, तीन-चार जणांची मंजुरी समिती आणि घरमालकाला बँकेतून रक्कम, असा मार्ग आम्ही ठेवला. हे काम केंद्र चालवणाऱ्या संस्थेच्या करारातच घातले तर अधिक सोपे जाते. आपल्याकडे काय चालेल, हे मुख्याधिकारी व लेखापाल यांच्याशी आधी बोलून ठरवावे, कारण एकाच नियमाचा अर्थ दोन कार्यालयांत दोन तऱ्हेने लावला जातो.

संस्थेला केंद्र देण्याबद्दल एवढेच सांगतो की चालवायला द्यावे, देऊन टाकू नये. देयक खाटांच्या संख्येवर दिले तर खाटा कागदावर भरतात. करारात दरमहा चार गोष्टी मागाव्यात: नवीन किती आले, किती बाहेर पडले व कुठे गेले, सहा महिन्यांपूर्वी खोलीत गेलेले आज तिथेच आहेत का, आणि पुन्हा परत आलेले किती. त्यासाठी नोंदवहीत रोजच्या रात्रीच्या हजेरीबरोबर प्रत्येक माणसाचे एक स्वतंत्र पान हवे.

थोडक्यात मागणी अशी मांडता येईल. केंद्र चालवण्यासाठी १४ लाख. प्रतिबंधासाठी ४ लाख, म्हणजे आठ हजारांप्रमाणे पन्नास कुटुंबे. पुनर्वसनासाठी ५ लाख, म्हणजे पंचवीस हजारांप्रमाणे वीस कुटुंबे. गणना, कागदपत्रे व पाठपुराव्यासाठी १ लाख. एकूण २४ लाख रुपये. गणनेनंतर हे प्रमाण बदलेल. बहुतेक माणसे नव्याने रस्त्यावर आलेली निघाली तर प्रतिबंधाची रक्कम वाढवावी, आणि वर्षानुवर्षे असलेली, वृद्ध किंवा आजारी निघाली तर कर्मचाऱ्यांची. पहिल्या वर्षी सर्व रक्कम खर्च झाली नाही तरी घाबरू नये, पण ती कशामुळे उरली हे सभेला लेखी कळवावे, नाही तर पुढच्या वर्षी तरतूदच जाते.

वेळेचे म्हणाल तर पावसाळ्यातील गणना ऑगस्टमध्ये, बाजाराच्या आदल्या रात्रीची सप्टेंबरमध्ये आणि थंडीतील डिसेंबरमध्ये करावी. पहिल्या दोन मोजण्यांवरून ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये मसुदा करावा आणि तिसरीचे आकडे घालून तो अंदाजपत्रकाच्या सभेआधी, जानेवारीत, मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा. गणना व्हायच्या आतच केंद्र बंद करण्याचा विषय सभेच्या पत्रिकेवर आला, तर आज तिथे झोपणाऱ्या चौदा जणांची नावनिशीवार यादी, प्रत्येकाच्या पुढील व्यवस्थेसह, सभेपुढे ठेवण्याची मागणी आपण लेखी करावी आणि ती इतिवृत्तात नोंदवून घ्यावी. त्या यादीतील प्रत्येक रकाना भरेपर्यंत केंद्राचे दार उघडे राहील, एवढी उपसूचना मांडण्यास एका सदस्याची सूचना आणि दुसऱ्याचे अनुमोदन पुरते.